जहाजाआधीचा अंक : सुरीनामी कुटुंबाची गाथा रंगमंचावर कोठून सुरू व्हावी?

१/ सुरीनामी स्थलांतरित कुटुंबाच्या पिढ्यांवर संगीत नाटक रचायचे, तर ते जहाजापासून सुरू करण्याचा मोह सहज होतो. पडदा उघडतो, समुद्राची गाज ऐकू येते, ढोलक वाजू लागते आणि पणजोबा धक्क्यावर उतरतात. दुसरी पिढी शेत पिकवते, तिसरी शाळेत जाते, चौथी हेगमध्ये स्थिरावते. दृश्य देखणे असते. पण इतिहासाचा पहिला अंक त्यातून गळालेला असतो.

२/ सुरीनाम हा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा देश. १६६७ च्या ब्रेडा तहाने तो डचांकडे राहिला. तेथील उसाचे आणि कॉफीचे मळे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या श्रमावर उभे होते. १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाई मिळाली ती मालकांना, दर गुलामामागे ३०० गिल्डर. मुक्त झालेल्यांच्या वाट्याला मात्र सरकारी देखरेखीखालची आणखी दहा वर्षांची सक्तीची करारमजुरी आली.

३/ ही मुदत १ जुलै १८७३ ला संपणार होती. त्यानंतर मजूर मळे सोडून जातील, हे मालक ओळखून होते. डच सरकारने ब्रिटिशांशी आधीच करार करून ठेवला होता. ५ जून १८७३ रोजी ‘लाला रुख’ हे जहाज कलकत्त्याहून सुमारे ४०० हिंदी मजूर घेऊन पारामारिबोला पोहोचले. दोन तारखांत अंतर अवघे २६ दिवसांचे. मळ्यांचा हिशेब इतका काटेकोर होता.

४/ १९१६ पर्यंत ३४ हजारांहून अधिक हिंदी मजूर सुरीनामला गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. ‘काँट्रॅक्ट’ या शब्दावरून ते स्वतःला ‘कंत्राकी’ म्हणवू लागले. भोजपुरी, अवधी यांच्या मिश्रणातून त्यांची ‘सरनामी’ भाषा घडली. पाच वर्षांच्या करारानंतर सुमारे एक तृतीयांश मायदेशी परतले. पुढे परतीचा हक्क सोडणाऱ्यांना १०० गिल्डर आणि कसायला जमीन देण्याची योजना आली.

५/ या पद्धतीविरुद्ध मळ्यांवर उठाव झाले. १८८४ मध्ये झोर्ग एन होप मळ्यावर जानी तेतरी ही तरुण स्त्री गोळीला बळी पडली. १९०२ मध्ये मारिएनबर्ग येथे सैनिकांच्या गोळीबारात २४ मजूर मेले. भारतातही विरोध वाढत होता. मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी करारमजुरी बंद करण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. चार-पाच वर्षांतच सरकारला भरती थांबवावी लागली.

६/ तरीही कुटुंबगाथा केवळ ‘आपल्या’ लोकांची राहिली, तर मुख्य पेच अंधारातच राहतो. हिंदी मजूर आणले गेले ते मुक्त झालेल्या गुलामांना मजुरीबाबत घासाघीस करता येऊ नये म्हणून. एकाच्या भाकरीचा उपयोग दुसऱ्याची भाकरी स्वस्त करण्यासाठी झाला. दोघांमधल्या अविश्वासाचे एक मूळ तेथे आहे. २५ नोव्हेंबर १९७५ च्या स्वातंत्र्याआधी ‘या देशात आपले काय होणार?’ या धास्तीने असंख्य हिंदुस्तानी कुटुंबांनी नेदरलँड्सची वाट धरली, त्या निर्णयातही हा अविश्वास होता. त्या एका वर्षात सुमारे ४० हजार सुरीनामी तेथे पोहोचले.

७/ हा पेच मांडण्याची परंपरा सुरीनामपाशी आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर ‘दू’ नावाचे गीत-नृत्य-नाट्य रंगे. त्यातून मालकांवर सूचक टीका होई, म्हणून वसाहत सरकारने त्यावर वारंवार बंधने घातली. पुढे ‘लाकू’ या प्रकारात हिंदुस्तानी स्थलांतरितांच्या जहाजाचे आगमनच रंगवले जाऊ लागले. म्हणजे धक्क्यावर आधीपासून उभ्या असलेल्यांनी ते जहाज पाहिले होते आणि गाण्यात आणले होते. आजच्या कुटुंबगाथेत धक्क्यावरचे ते लोक नसावेत, ही उणीव लहान नाही.

८/ १९७० च्या दशकात थेआ डूलवाइट आणि हेंक त्यॉन यांनी पारामारिबोत याच ‘दू’चे नाव घेऊन नाट्यसंस्था उभारली. विविध समाजांच्या भाषा, ताल आणि विनोद तेथे एका मंचावर आले. डिसेंबर १९८२ मध्ये लष्करी राजवटीने १५ विरोधकांची हत्या केली. त्या दहशतीत हा प्रयोगही मिटला.

९/ हे काम संगीतानेच का करावे? कारण दप्तरात मजुराचे नाव, गाव, उंची आणि करार क्रमांक सापडतो. आवाज सापडत नाही. तो ‘बैठक गाना’त टिकला. हार्मोनियम, ढोलक आणि लोखंडी दांडीचा धनताल एवढ्यावर ही बैठक उभी राहते. हेगमधल्या नातवाला सरनामी शब्द कळत नसले, तरी लग्नघरातला हा ठेका कळतो. शिवाय गद्यात दोन माणसे एकदम बोलली की गोंगाट होतो. गाण्यात दोन सूर एकाच वेळी उभे राहू शकतात.

१०/ आक्षेप येईल की, दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या समाजाला स्वतःची कथा स्वतंत्रपणे सांगण्याचा हक्क आहे. तो निर्विवाद आहे. पण येथे कोणाची जागा कोणाला द्यायची नाही. पणजोबांना जो मळा मिळाला, तो कोणाच्या पाठीवरचे वळ घेऊन उभा होता, एवढेच दाखवायचे आहे. त्याने पणजोबांचे दुःख उणे होत नाही. त्याचे कारण समजते.

११/ २०२३ मध्ये दोन्ही घटनांची दीडशे वर्षे एकाच उन्हाळ्यात आली. जूनमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू हिंदुस्तानी आगमनाच्या सोहळ्यासाठी पारामारिबोत होत्या. १ जुलैला राजे विलेम-अलेक्झांडर यांनी ॲमस्टरडॅममध्ये गुलामगिरीबद्दल माफी मागितली. सोहळे दोन झाले, मंडप दोन पडले.

१२/ संगीत नाटकाला एकच मंडप पुरतो. सुरीनामी कुटुंबाची पुढची गाथा जो कोणी रचेल, त्याने जहाजाचा भोंगा वाजण्याआधी ढोल वाजू द्यावा : मुक्तीला अजून २६ दिवस उरलेल्यांचा. मग पणजोबा उतरतील, तेव्हा धक्का रिकामा नसेल.