विषाणूचे मूळ आणि घासून ठेवलेली भांडी

लग्नाच्या पंगतीनंतर वीस-पंचवीस जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले, की गावात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बासुंदी नासलेली होती. दुसरा म्हणतो, टँकरचे पाणी खराब होते. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस नमुने घ्यायला येतो, तेव्हा भांडी घासून उपडी घातलेली असतात आणि टँकर केव्हाच निघून गेलेला असतो. उरतो तो वाद. ज्याचे आचाऱ्याशी आधीपासूनच बिनसलेले असते, तो अर्थातच बासुंदीच्या तटात जाऊन बसतो.

कोविड-१९च्या विषाणूचे मूळ शोधणाऱ्यांची अवस्था काहीशी अशीच आहे.

वाचकहो, साथ ओसरून इतका काळ लोटला तरी दवाखान्यात हा प्रश्न येतोच : ‘डॉक्टर, हा रोग माणसानेच केला ना?’ विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना लस टाळण्यासाठी निमित्त हवे असते. त्यांना मी एवढेच सांगतो, की विषाणू गुहेतून आलेला असो वा काचेच्या नळीतून, फुप्फुसात शिरल्यावर तो सारखाच वागतो आणि लसही सारखीच उपयोगी पडते. दुसरे म्हणजे २०२१च्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरातले माणूस गेले ते. त्यांच्या प्रश्नाला असे चटकन उत्तर देता येत नाही. आपले माणूस दैवाने नेले की कोणाच्या हलगर्जीपणाने, हे जाणून घेण्याचा त्यांना अधिकार आहे. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

‘माणसाने केला’ या दोन शब्दांत निरनिराळे आरोप मिसळलेले असतात. विषाणू शस्त्र म्हणून तयार केला, हा पहिला. त्याला आधार नाही. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांचे या विषयात एरवी एकमत नाही, पण हे शस्त्र नव्हे याबद्दल २०२१मध्ये त्यांचेही एकमत झाले. दुसरा आरोप अपघाताचा : संशोधनासाठी आणलेला किंवा प्रयोगात बदललेला विषाणू चुकून बाहेर पडला. याच्या समोर उभी आहे ती प्राण्यांतून माणसात आल्याची उपपत्ती. खरा वाद या दोघांतच आहे.

आधी बाजार पाहू. ३१ डिसेंबर २०१९ रोजी वुहान शहराच्या आरोग्य विभागाने न्यूमोनियाच्या रुग्णांची माहिती जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी हुआनान हा मासळी बाजार बंद झाला. नाव मासळीचे असले तरी तेथे जिवंत रानटी प्राणीही विकले जात. हे नक्की कळले ते योगायोगाने. गोचिडीमुळे होणाऱ्या एका तापाच्या अभ्यासासाठी काही संशोधक मे २०१७ ते नोव्हेंबर २०१९ या काळात वुहानच्या बाजारांतील विक्रीची नोंद ठेवत होते. त्यांच्या वहीत ३८ जातींचे ४७,३८१ प्राणी निघाले. त्यांत उदमांजरे होती, रॅकून डॉग नावाचे कोल्ह्याच्या कुळातले प्राणीही होते. पुढे २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांत आधीच्या रुग्णांची घरे नकाशावर मांडण्यात आली. ती बाजाराभोवती दाटलेली दिसली, आणि ज्यांचा बाजाराशी काही संबंध नव्हता अशा रुग्णांचीही घरे तेथेच होती. प्राणी विकले जात त्या भागातील नमुन्यांत विषाणू आणि रॅकून डॉगचे जनुकीय अंश एकत्र आढळले.

मात्र विषाणूची लागण झालेला एकही प्राणी हाती लागला नाही. नमुने घेणारे पोहोचले तेव्हा हे जिवंत प्राणी तेथे नव्हतेच. शिवाय आरंभी रुग्णांचा शोधच बाजाराच्या रोखाने घेतला गेला, म्हणून ते तेथे अधिक सापडले, असा आक्षेप आहे; तो अगदीच फेटाळण्याजोगा नाही.

आता प्रयोगशाळा. वटवाघळांतील कोरोना विषाणूंचा अभ्यास करणारी जगातील एक अग्रगण्य संस्था नेमकी वुहानमध्येच असावी, ही गोष्ट कोणाच्याही मनात खटकेल. ज्या वटवाघळांत या विषाणूचे जवळचे नातलग सापडतात ती युनान प्रांतात आणि लाओसमध्ये, म्हणजे वुहानपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर. या संस्थेसह काही संशोधकांनी २०१८मध्ये एका अमेरिकी सरकारी संस्थेकडे अनुदान मागितले होते. वटवाघळांच्या विषाणूंत असा एक जनुकीय तुकडा घालून पाहण्याचा विचार त्यात होता, ज्याच्यासारखा तुकडा कोविडच्या विषाणूत आढळतो. तो प्रस्ताव नामंजूर झाला. पण या संस्थेजवळ कोविडचा किंवा त्याचा थेट पूर्वज ठरेल असा विषाणू होता, असे दाखवणारा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. तिच्याकडे असलेला सर्वांत जवळचा ज्ञात विषाणू ९६ टक्के जुळतो. ऐकायला हे फार वाटते; पण सुमारे तीस हजार अक्षरांच्या जनुकीय मजकुरात चार टक्के म्हणजे हजाराहून अधिक अक्षरांचा फरक, आणि निसर्गात तेवढा पडायला काही दशके लागतात.

प्रयोगशाळेतून विषाणू सुटतच नाहीत, असे मात्र कोणी सांगू नये. २००४मध्ये बीजिंगच्या एका प्रयोगशाळेतून सार्सचा विषाणू बाहेर पडला, नऊ जणांना लागण झाली, आणि एका तरुण संशोधिकेची शुश्रूषा करणारी तिची आई दगावली. १९७७मध्ये चीन आणि सोव्हिएत संघातून पसरलेला फ्ल्यू १९५०च्या सुमारास आढळणाऱ्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. पाव शतक विषाणू न बदलता निसर्गात राहत नाही. तो कोणाच्या तरी शीतपेटीतून किंवा लसीच्या चाचणीतून आला, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. त्याची कबुली आजतागायत कोणी दिलेली नाही.

याची दुसरी बाजू आपल्या मुंबईने पाहिली आहे. ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे मृत्युमुखी पडले. लस परळच्या प्रयोगशाळेतील. ठपका तिचे प्रमुख हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद गमवावे लागले. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याने तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला होता, ही हकिगत चौकशीच्या कागदांतच होती. ती नीट वाचली जाऊन रोनाल्ड रॉस प्रभृतींनी आवाज उठवला, तेव्हा कुठे १९०७मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. कागद शिल्लक होते म्हणून हे घडू शकले.

वुहानच्या बाबतीत कागदच मिळत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. मूळ शोधण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने जून २०२५मध्ये अहवाल दिला : उपलब्ध पुराव्याचे पारडे प्राण्यांकडे झुकते, परंतु प्रयोगशाळेची शक्यता ना सिद्ध करता येते, ना फेटाळता. आरंभीच्या शेकडो रुग्णांतील विषाणूंची जनुकीय माहिती, बाजारातील प्राण्यांचा तपशील आणि वुहानच्या प्रयोगशाळांतील काम व सुरक्षाव्यवस्था यांची माहिती चीनकडे मागितली होती. ती मिळाली नाही. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या सीआयएने आपला कल प्रयोगशाळेकडे दिला, पण ‘कमी खात्रीने’ हे शब्द जोडून. आम्ही केसपेपरवर निदानाआधी प्रश्नचिन्ह काढतो, तशातलाच हा प्रकार. बातमीत ते प्रश्नचिन्ह गळून पडते. माझे मत विचाराल तर मीही बाजाराकडेच झुकतो, पण प्रश्नचिन्ह खोडणार नाही. २००२ साली उद्भवलेल्या सार्सच्या बाबतीत उदमांजरांवर संशय काही महिन्यांतच आला, तरी युनानच्या गुहेतील वटवाघळांपर्यंत धागा पोहोचायला २०१७ उजाडले.

आणि हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्यासारखेही नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१मध्ये जाहीर केले, आणि अतिघातक विषाणू हाताळण्याची देशातील पहिली सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळाही त्याच संस्थेची, पुण्यात पाषाणला. गुहा आपल्या, प्रयोगशाळाही आपलीच. अशा ठिकाणी अपघातांची नोंद कशी होते आणि ती कोण तपासते, हे विचारण्यासाठी वुहानचा निकाल लागण्याची वाट पाहायला नको. महाबळेश्वरच्या बातमीचा अर्थ तेथे साथ आली असा मुळीच नव्हता. वटवाघळे मारायला किंवा हुसकायला धावणे तर निखालस धोक्याचे. सहलीला जरूर जावे, गुहेत शिरून त्यांना डिवचू नये, आणि झाडाखाली पडलेले, दात लागलेले फळ मुलांना उचलू देऊ नये.