रेझिनला टॅप मारणाऱ्यांसाठी

सारसोळेच्या जेट्टीवर एका गृहस्थांनी सध्या फतवा काढला आहे. इपॉक्सी दगडासारखं कडक होतं, तेव्हा सरळ भोक पाडा, टॅप मारा, बोल्ट आवळा. इन्सर्ट, वॉशर, मागची पट्टी हे सगळं दुकानदारांचं कारस्थान. पुरावा? आवळून पाहिलं, हललं नाही.

हललं नसेल. पण आवळलं त्या दिवशी! बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडू पाहतो. त्या ओढीनेच दोन वस्तू घट्ट बसतात. पोलादात ही ओढ वर्षानुवर्षं टिकते. रेझिन मात्र सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतं. आटे शाबूत दिसतात आणि बोल्ट सैल होतो. त्यात ऊन. घरच्या तापमानाला कडक होणारं साधं इपॉक्सी बहुधा 50-60 अंशांच्या आसपास नरमायला लागतं. मे महिन्यात खाडीकाठी पडलेल्या गडद रंगाच्या फायबर होडीला तिथवर पोचायला इंजिनाचीही गरज नाही. मग दोर बांधायचा खुंटा डुगडुगतो आणि खापर फुटतं बोल्टवर. 8.8 प्रतीच्या बोल्टची तन्यता 800 मेगापास्कल, नुसत्या इपॉक्सीची साधारण 60-70. आधी कोण हार मानणार, हे गृहस्थांनीच सांगावं.

नुसत्या रेझिनमध्ये टॅप आटे पाडतो की टवके उडवतो, तेही भिंगातून बघावं.

याच गृहस्थांनी मागे पॉलिएस्टर आणि इपॉक्सी एकाच माळेत ओवून ‘लवकर सुकायला हार्डनर दुप्पट घाला’ असं सांगितलं होतं. पॉलिएस्टरला तो शेकडा 1-2 लागतो, थोडा वाढवला तर वेग वाढतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच जोडणीचा भाग होतो. जास्तीचा घातला की माल चिवट-मऊ राहतो. तेव्हाही त्यांना हे पटलं नव्हतं.

मग करायचं काय? मागे हात पोचत असेल तर आरपार बोल्ट आणि रुंद पट्टी. नसेल तर बाहेरून खरबरीत पितळी इन्सर्ट, भोवती सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी. आतला आटा 6 मिलिमीटरचा, बाहेरचा व्यास 9. तेवढ्याच खोलीला पकड दीडपट. वरची वस्तू इन्सर्टच्या तोंडावरच टेकवा, म्हणजे बोल्टची ओढ धातूतच राहते. आत प्लायवूड असेल तर भोक मोठं पाडून आधी इपॉक्सीने भरा, मग त्यात इन्सर्टसाठी नवं भोक पाडा. लाकडाला पाणी लागत नाही.

इन्सर्ट मिळालाच नाही तर बोल्टला मेण चोळून ओल्या इपॉक्सीत बसवा, कडक झाल्यावर फिरवून काढा. टॅपपेक्षा बरे आटे मिळतात. डब्याच्या झाकणाला ते पुरतील, खुंट्याला नाही.