कर्करोगाच्या उपचारानंतर सुजणाऱ्या हाताची तपासणी वैजापुरातच व्हावी, यासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
छत्रपती संभाजीनगर
मार्फत : मा. तहसीलदार, वैजापूर

दिनांक : 6 मार्च 2026

विषय : स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर हाताला येणारी सूज (लिंफेडेमा) वेळेत ओळखण्याची व रोखण्याची सोय उपजिल्हा रुग्णालय, वैजापूर व तालुक्यातील आरोग्य केंद्रांत करण्याबाबत.

महोदय,

आम्ही वैजापूर तालुक्यातील, स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या महिला व आमचे कुटुंबीय, हे निवेदन सादर करीत आहोत. छत्रपती संभाजीनगरला 2012 साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यापासून मराठवाड्यातल्या कितीतरी बायकांची मुंबईची फेरी वाचली, हे आधीच नमूद करतो. आमचे गाऱ्हाणे तिथल्या उपचाराबद्दल नाही. ऑपरेशन, केमो, शेक (किरणोपचार) सगळे आटोपून बाई गावी परतते, त्यानंतर तिच्या हाताकडे कोणी पाहत नाही, हे गाऱ्हाणे आहे.

रोग काखेपर्यंत गेला असेल तर तिथल्या लसिकागाठी काढाव्या लागतात, काहींना काखेवर शेकही द्यावा लागतो. हातातला लसिका हा द्रव परत जाण्याची वाट त्यामुळे अडते. काखेतल्या गाठी सरसकट काढलेल्या महिलांपैकी साधारण पाचांत एकीला पुढे हाताची सूज येते, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. फक्त पहिल्या एक-दोन गाठी तपासून थांबता आले तर हे प्रमाण विसांत एकीच्या आसपास राहते. पण खेड्यात छातीतली गाठ दाखवायलाच उशीर होतो, आणि उशीर झाला की काख साफ करण्याची पाळी येण्याचा संभव वाढतो.

ही सूज बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत सुरू होते आणि सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही. हात जड वाटतो, ब्लाउजची बाही दंडाला काचते, रोजची बांगडी चढेनाशी होते. याच टप्प्यावर हातावर घट्ट बसणारी दाबाची बाही, शिकवलेला व्यायाम आणि कातडीची निगा यांनी हात पुष्कळदा पूर्ववत होतो. वेळ गेली की आत चरबी आणि निबर तंतू साठतात. मग सूज आटोक्यात ठेवता येते, पुरती घालवता येत नाही. त्यात आमची कामे कापूस वेचण्याची, कांदा कापण्याची. बोंडाचा ओरखडा, विळ्याचा काप, चुलीचा चटका हे रोजचेच. अशा हाताला जंतुसंसर्ग झाला की तो लालभडक होतो, थंडीताप भरतो आणि दर खेपेला सूज आणखी वाढते.

एरवी सल्ला मिळतो, ‘हाताला काम देऊ नका.’ मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला हे सांगणे म्हणजे रोज बुडवा म्हणणे, आणि ते पुरते बरोबरही नाही. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने हा आजार बळावत नाही, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने दाखवले. काही बायका लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या खातात, काही हात जोरजोरात चोळून घेतात. गोळ्यांनी ही सूज उतरत नाही, आणि आडदांड चोळण्याने बिघडू शकते.

आमची मुख्य मागणी एका टेपची आहे. ऑपरेशनपूर्वीच दोन्ही हातांचे घेर ठरावीक ठिकाणी मोजावेत आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यावेत. पुढे दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजमाप गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात व्हावे. दोन हातांतला फरक पूर्वीपेक्षा 2 सेंटीमीटरने वाढला, किंवा हात नुसता जड वाटतो अशी तक्रार असली, तरी लगेच पुढे पाठवावे. नव्याने आलेल्या सुजेमागे रक्ताची गुठळी किंवा उलटलेला कर्करोगही असू शकतो, म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ असे होऊ नये.

हे काम मोठ्या डॉक्टरांचेच आहे असे कोणी म्हणेल. पण टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर महिलांवर चाचणी केली. तिच्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनांची तपासणी केली आणि 50 वर्षांवरील महिलांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटले. ज्या हातांना गाठ सापडते त्यांना टेप धरणे अवघड नाही. आमच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना व आशाताईंना तेवढे प्रशिक्षण द्यावे.

उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी, या आजाराची माहिती असलेला फिजिओथेरपिस्ट उपलब्ध असावा. त्या दिवशी बायका तशाही गावात येतात. अर्ध्या तिकिटात एसटी मिळाली तरी बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

दाबाची बाही धुऊन वापरायची तर दोन लागतात, आणि सहा महिन्यांत ती सैल पडते. त्यासाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून तरतूद करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या 5 लाखांच्या संरक्षणात ही बाही व हाताला पट्ट्या गुंडाळण्याचा उपचार बसतो की नाही, याचा लेखी खुलासा मिळावा. हत्तीरोगाच्या रुग्णांना शासन टब, मग, साबण, टॉवेल व मलम असा संच देते आणि पाय धुण्याची रीत शिकवते. सुजलेल्या अवयवाची निगा आरोग्य खात्याला नवी नाही.

कर्करोग रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे; म्हणून हे निवेदन आपल्याकडे दिले आहे. तिन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांची एकत्र बैठक महिनाभरात लावावी, तिला आमच्यापैकी दोन महिलांना बोलवावे आणि झालेला निर्णय तहसील कार्यालयामार्फत लेखी कळवावा, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
वैजापूर तालुक्यातील उपचार घेतलेल्या महिला व कुटुंबीय
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहितीसाठी :
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, छत्रपती संभाजीनगर
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, छत्रपती संभाजीनगर
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद
मा. वैद्यकीय अधीक्षक, उपजिल्हा रुग्णालय, वैजापूर