कुरुमानचं चर्च कुणाचं?

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतातलं कुरुमानचं चर्च पाहायला गेलेल्या पाहुण्याला एक प्रेमकहाणी हमखास ऐकायला मिळते. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याने म्हणे इथल्याच बदामाच्या झाडाखाली मेरी मॉफॅटला मागणी घातली. पुढे जानेवारी १८४५ मध्ये दोघांचं लग्न याच चर्चमध्ये लागलं. कहाणी गोड आहे, पण तिने या वास्तूचा बाकीचा इतिहास पार झाकून टाकला आहे.

मेरीचे वडील रॉबर्ट मॉफॅट मूळचे स्कॉटलंडमधले माळी. लंडन मिशनरी सोसायटीने पाठवलं म्हणून १८१७ मध्ये ते केपला आले आणि पुढे त्स्वाना लोकांत राहिले. कोरड्या मुलखात बाग फुलवायची तर पाट काढायला हवा. मॉफॅट आणि त्यांच्या सोबत्यांनी तो काढला. त्यांच्या बागा हिरव्या झालेल्या पाहून आजूबाजूच्या बायकांनी पाट फोडून पाणी आपल्या वाफ्यांकडे वळवलं. एकदा तर त्या बंधाराच उखडून आल्या. पाण्यावर आपलाही तितकाच हक्क आहे, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. गंमत म्हणजे, वैतागलेल्या मॉफॅट यांनीही आपल्या पुस्तकात तसंच लिहून ठेवलं आहे. स्मारकांवर या बायकांना मात्र जागा नाही.

त्या भांडणानंतर काही वर्षांनी, १८२४ च्या सुमारास, मिशन कुरुमानच्या बारमाही झऱ्याजवळच्या आजच्या जागी आलं. १८३८ मध्ये चर्च उभं राहिलं. भिंतींना दगड जवळपास मिळाला, पण छपराच्या तुळयांजोगं लाकूड तिथे कुठलं? ते शेकडो किलोमीटरवरच्या मारिको भागातून बैलगाड्यांनी आणावं लागलं आणि त्यासाठी तिथला राजा म्झिलिकाझी याची परवानगी घ्यावी लागली. वर गवताचं छप्पर, खाली शेणाने सारवलेली जमीन. हे सगळं एकट्या मॉफॅट यांच्या हातून झालं, असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

छपाईचं श्रेय मात्र त्यांना द्यायलाच हवं. १८३१ मध्ये त्यांनी केपहून हातछापखाना आणला आणि १८५७ पर्यंत सेत्स्वाना भाषेतलं संपूर्ण बायबल कुरुमानलाच छापून झालं. अर्थात भाषा शिकवणारे, शब्द सुचवणारे आणि चुकलं तर हसणारे शिक्षक त्स्वानाच होते. त्यांची नावं मुखपृष्ठावर आली नाहीत.

खरी कसोटी विसाव्या शतकात लागली. १९५० मध्ये वर्णद्वेषी सरकारने ‘ग्रुप एरियाज’ कायदा केला आणि कुरुमान परिसर गोऱ्यांसाठी राखून ठेवला गेला. ज्यांच्या पूर्वजांनी या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, त्या काळ्या कुटुंबांना तिथून हलवण्यात आलं. भक्तच राहिले नाहीत, तेव्हा देखभाल कोण करणार? इमारती मोडकळीला आल्या. १९८१ नंतर वेगवेगळ्या पंथांच्या चर्चनी एकत्र येऊन मिशनला पुन्हा जीव दिला.

कुरुमानमधली मिशनची शिक्षणसंस्था १९०४ मध्ये टायगर क्लूफला गेली. बोत्स्वानाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सेरेत्से खामा आणि क्वेट मासिरे, तिथे शिकले. काळ्या मुलांना दुय्यम शिक्षण देणाऱ्या सरकारी धोरणाने तिचाही घास घेतला. ती १९९५ मध्ये पुन्हा उघडली.

म्हणून कुरुमानच्या वाटाड्यांनी बदामाच्या झाडाची गोष्ट खुशाल सांगावी. पण तिच्याआधी पाट फोडणाऱ्या बायकांची सांगावी आणि चर्चच्या दारात पोहोचल्यावर इथून उठवल्या गेलेल्या कुटुंबांची. त्यांचे वंशज त्याच जिल्ह्यात राहतात. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ती गोष्ट त्यांनाच सांगू द्यावी, आणि त्या कामाचे पैसेही द्यावेत.