दोन पडदे मांडा, सभासदाची खुर्ची आत घ्या



लागणीचा हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात ऊस नोंदीला गर्दी होते. पूर्वी नोंद म्हणजे वही, शिसपेन्सिल आणि सभासदाच्या तोंडचा शब्द. आता तसे राहिले नाही. एका नोंदीसाठी क्लार्कला कारखान्याचा नोंदीचा प्रोग्रॅम, महाभूलेखवरचा सातबारा आणि चिटबॉयने शेतातून आणलेली मोजणी या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. आणि समोर पडदा एकच! एक पान उघडले की दुसरे झाकले जाते. सातबाऱ्यावरचा आकडा डोक्यात धरायचा, पान बदलायचे आणि आठवणीने टाकायचा, असा कारभार चालतो. मागे पन्नास माणसे उभी असली की आठवण दगा देणारच.

आमचे स्पष्ट मत असे आहे, की प्रत्येक गट ऑफिसात एका संगणकाला दोन पडदे असावेत. डाव्या पडद्यावर सातबारा, उजव्यावर आपली नोंद. आणि सभासदाची खुर्ची टेबलापलीकडे नव्हे, क्लार्कच्या शेजारी असावी.

यात काय एवढे मोठे, असे कोणी म्हणेल. म्हणून हिशेब मांडतो. एकराचे गुंठे ४०. एकरी ४० टन उतारा धरला तर गुंठ्याला टन पडतो. समजा सातबाऱ्यावर क्षेत्र ०.६२ हेक्टर आहे आणि सभासदाने सवयीने "दोन एकर" सांगितले. नोंद झाली ०.८० हेक्टरची. फरक १८ गुंठ्यांचा, म्हणजे शेतात नसलेला १८ टन ऊस कागदावर उभा राहिला. शेतकी खाते त्यावर टोळ्या आणि वाहने ठरवणार. उलट नोंद कमी झाली, तर टोळी पुढच्या फडाला जाते आणि सभासदाचा ऊस उभाच. लागणीची तारीख चुकली तरी तीच गत. जुलैची आडसाली आणि जानेवारीची सुरू यांत गल्लत झाली, तर तोडणी प्रोग्रॅमात नंबर कुठल्या कुठे जातो. मग चेअरमनसाहेबांकडे तक्रार! ती वेळ येऊ नये यासाठी नोंद होतानाच आपल्या डोळ्यांनी पाहिलेले बरे.

दुसऱ्या पडद्यासाठी नवा संगणक लागत नाही. बहुतेक संगणकांना मागे पडदा जोडायच्या दोन जागा असतात, एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट. जुना पडदा चालू स्थितीत असेल तर तोही चालतो. केबल जोडावी, विंडोजचे बटण धरून पी दाबावे आणि 'एक्सटेंड' निवडावे. 'डुप्लिकेट' निवडले तर दोन्हीकडे तेच चित्र दिसते, मग जोडून उपयोग काय? माउस डावीकडे नेला आणि उजवीकडे निघाला, तर डिस्प्ले सेटिंगमध्ये पडद्यांची चित्रे ओढून जागेवर लावावीत. दहा मिनिटांचे काम आहे.

मात्र पडदा सभासदाला दाखवायचा म्हणजे सगळ्या गावाला दाखवायचा नव्हे. बँक खात्यांची यादी उघडी टाकून क्लार्कने चहाला उठू नये. विंडोज आणि एल ही बटणे दाबून कुलूप लावूनच जावे.

आता दुसरी गोष्ट, लॉगिनची. पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली. एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. ठिबकचा अर्ज महाडीबीटीवर, पी. एम. किसानचे दार वेगळे, बँकेचे वेगळे. सभासद बिचारा म्हणतो, "साहेब, तुम्हीच बघा काय ते," आणि मोबाइल टेबलावर ठेवून पान खायला जातो. हा विश्वास आम्हाला मोलाचा वाटतो. पण ही रीत बरी नव्हे. ओटीपी म्हणजे आपला अंगठा. कोऱ्या कागदावर अंगठा आपण देतो का?

गट ऑफिसात सभासदाचे लॉगिन नेहमी इन्कॉग्निटो खिडकीत उघडावे. ती खिडकी बंद केली की लॉगिन मागे राहत नाही. नाहीतर पहिल्याचे लॉगिन तसेच राहते आणि दुसऱ्याचा अर्ज पहिल्याच्या नावावर भरला जातो. पासवर्ड सभासदाने स्वतः टाकावा. ऑफिसच्या संगणकाने "जतन करू का?" विचारले तर नाही म्हणावे. क्लार्कांनीही एकच लॉगिन तिघांत वापरू नये. नोंद कोणी बदलली हे मग देवालाही कळत नाही.

सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणे सोपे खरे. पण ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. निदान बँकेचा तरी वेगळा ठेवा. आधारला मुलाचा नंबर जोडलेला, मुलगा पुण्याला नोकरीला. ओटीपी तिकडे वाजतो आणि वडील इकडे बाकावर ताटकळतात. असा नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. बंद पडलेला नंबर तर काही काळाने दुसऱ्यालाच मिळतो. व्हॉट्सॲपवर पी. एम. किसानच्या नावाने एखादी एपीके फाइल आली तर उघडू नका. पैसे गेलेच तर लाजू नका, ताबडतोब १९३० ला फोन लावा.

काही जण म्हणतात, शेतकऱ्याला पडदा दाखवून काय समजणार? आम्हाला हे मान्य नाही. काट्यावर वजनाचा आकडा वाचणारा सभासद नोंदीचा आकडाही वाचू शकतो. काट्याचा आकडा गाडीवाल्याला दिसलाच पाहिजे असा आग्रह आपण धरतो. मग नोंदीलाच आडपडदा का?

तेव्हा नोंदीला येताना सातबारा आणि आपलाच चालू मोबाइल घेऊन या. गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख ही चार ठिकाणे स्वतः वाचा आणि मगच पावती घ्या. तुमच्या गट ऑफिसात अजून एकच पडदा असेल, तर संचालकांकडे दुसऱ्याची मागणी करा. आम्हीही करीत आहोत.