उपाली हे मुलाचे नाव आहे

राहुल, सिद्धार्थ, आनंद, मिलिंद ही नावे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घराघरांत रुळली. उपाली मात्र क्वचितच आढळतो. नाव सुचविले की, ‘हे तर मुलीचे वाटते,’ असे उत्तर येते. रूपाली, सोनाली ऐकून सवयीचा झालेला कान तसे ऐकतो, इतकेच. श्रीलंकेत ते मुलाचेच नाव असून चांगले परिचित आहे. तेथील खंडित झालेली उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू करण्यासाठी १७५३ साली सयामहून भिक्षू आले, त्यांच्या प्रमुखांचे नावही उपालीच.

मूळचा उपाली शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय आदी शाक्यकुमार प्रव्रज्येसाठी निघाले, तेव्हा अंगावरचे दागिने उतरवून त्यांनी त्याच्या हवाली केले आणि त्याला परत धाडले. त्याने ते गाठोडे झाडाला टांगले व तो त्यांच्या मागोमाग गेला. पुढची हकीकत विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. कुमारांनीच तथागतांना विनविले की, उपालीला आमच्याआधी प्रव्रज्या द्यावी. म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अभिमान उतरेल. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकाश्यपांनी विनयाविषयी विचारले ते याच उपाली स्थविरांना. धम्माविषयी आनंदांना विचारले गेले ते त्यानंतर.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो : न्हाव्याचे नाव आपण का ठेवावे? ज्या गावांत न्हाव्याचा वस्तरा आपल्या आजोबांच्या डोक्याला लागत नसे, तेथल्या माणसाच्या मनात हा सल असणारच. तो मी खोटा म्हणणार नाही. परंतु बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सुनीत व सोपाक यांच्याही आधी उपालीची कथा घेतली आहे. शिवाय आपण आवडीने ठेवलेली नावे पाहावीत. सिद्धार्थ राजकुलातला, राहुल त्याचा पुत्र, आनंद शाक्यकुमार, मिलिंद तर राजाच. राजवाड्यातली नावे आपण मोकळेपणाने घेतली. हाताने काम करून पोट भरणाऱ्याचे नाव घेताना मात्र अडखळलो. ज्या अभिमानाला ते शाक्यकुमार भीत होते, तो आपल्याकडे अशा वाटेने तर आला नाही ना?

माझ्या नातवाचे नाव उपाली आहे. पुढील वर्षी त्याचा प्रवेश-अर्ज या शाळेत येईल. कार्यालयाने त्यावर ‘कुमारी’ लिहू नये, एवढीच विनंती.