बॅकअप त्याच घरात नको

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी सर्व्हर बिघडला आणि बॅकअपही त्याच सर्व्हरवर होता. जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली मुखपृष्ठं गेली ती गेलीच. दुसरी किल्ली घरात ठेवून कुलूप लावावं, तसं झालं.

असं फक्त आमचंच झालं नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउड या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरची अख्खी इमारत जळाली. बॅकअपही तिथेच ठेवणाऱ्यांना मोठा फटका बसला.

आता आमच्याकडे रोज रात्री दोन वाजता आधी डेटाबेसची प्रत निघते. आमची साइट वर्डप्रेसवर आहे, तिचा सगळा मजकूर डेटाबेसमध्येच असतो. नुसत्या फायली वाचवणारे इथेच फसतात. मग रेस्टिक नावाचा मोफत प्रोग्रॅम फक्त बदललेले तुकडे कूटबद्ध करून क्लाउडवर पाठवतो. पहिल्या रात्री ११ जीबी गेले, काल जेमतेम ४० एमबी. म्हणून तर रोजचा बॅकअप परवडतो, शिवाय गेल्या गुरुवारची साइट हवी असली तर तीही मिळते. पासवर्ड हरवला की मात्र सगळं संपलं. तो कागदावर लिहून वाचनालयाच्या लोखंडी कपाटात ठेवलाय.

शाळा, पतपेढ्या, मंडळं वेबसाइटवर हौसेने खर्च करतात आणि बॅकअपचं कुणी विचारतही नाही. हे मला फार चुकीचं वाटतं. पुढचं बिल चुकतं करण्याआधी बॅकअप कुठे आहे ते लेखी मागा, आणि त्यातली एक फाईल तुमच्यासमोर परत आणून उघडायला सांगा.